नात्यांच्या नकाशातील स्त्री : इरावती कर्वे यांचे अध्यापन आणि संशोधन

'परिपूर्ती' हा इरावती कर्वे यांचा ललितलेखसंग्रह १९४९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षकलेख मराठीच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. एका सभेत लेखिकेची ओळख करून दिली जाते ती नामवंत सासऱ्यांची सून, नामवंत पतीची पत्नी अशी. या ओळखीत काहीतरी उणे राहिले असे तिला वाटत राहते. पुढे रस्त्याने जाताना शाळकरी मुलांपैकी एक जण दुसऱ्याला ही आपल्या वर्गातल्या मुलाची आई असे सांगतो, ते तिच्या कानी पडते, आणि ते उणे भरून निघते. मातृत्वाचा गौरव म्हणून हा लेख पुष्कळदा वाचला व शिकवला गेला आहे. त्यातील मिस्किलपणाही काहींनी टिपला आहे. परंतु हा लेख लिहिणारी स्त्री त्या वेळी दहा वर्षांहून अधिक काळ भारतातील निरनिराळ्या भाषांतील नातेवाचक शब्द गोळा करीत होती, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. सून, पत्नी, आई हे शब्द तिच्या दृष्टीने केवळ भावनेचे नव्हते. ते तिच्या अभ्यासाचे साधन होते. समाज स्त्रीला कोणत्या शब्दाने हाक मारतो आणि त्या शब्दाबरोबर तिला घरात कोणती जागा मिळते, हा इरावतीबाईंच्या संशोधनातील मूळ प्रश्न होय. त्या संशोधनाला त्यांच्या हयातीत स्त्री-अभ्यास असे नाव नव्हते. ते नाव भारतीय विद्यापीठांत रूढ झाले तेव्हा त्या नव्हत्या. तरीही या विद्याशाखेचा महाराष्ट्रातील पूर्वेतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही, आणि त्यांना सरळ पूर्वसूरी ठरवूनही लिहिता येत नाही. त्यांच्या चरित्राचे महत्त्व या अडचणीतच आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथील एका कापूस कंपनीत अभियंता होते. तेथून वाहणाऱ्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. भावंडांत त्या एकट्याच मुलगी. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि त्या मैत्रीमुळे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरात त्यांना दुसऱ्या मुलीसारखे स्थान मिळाले. ग्रंथांनी भरलेल्या, देवाधर्माचे अवडंबर नसलेल्या या घराने त्यांच्या बुद्धीला वळण लावले. त्याच परिवारात येणाऱ्या न्यायाधीश बालकराम यांच्यामुळे मानवशास्त्राची गोडी लागली. सासर आणि माहेर यांचा पुढे इतका बारकाईने अभ्यास करणाऱ्या या स्त्रीचे स्वतःचे माहेर असे एका अर्थाने निवडलेले होते, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषय घेऊन १९२६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळवून त्यांनी मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले आणि १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंधासाठी एम.ए. ही पदवी मिळवली. याच काळात दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव आणि फर्ग्युसनमधील रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने धनाढ्य घराण्यात जावे अशी इच्छा असलेल्या करमरकरांना हे स्थळ पसंत नव्हते. पण ज्या घरात त्या आल्या त्या घराचा स्त्रीप्रश्नाशी असलेला संबंध त्या काळच्या महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्याही घराचा नसेल. महर्षींनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला होता, हिंगण्याला विधवांसाठी आश्रम उभारला होता आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले होते. थोरले दीर रघुनाथ धोंडो कर्वे संततिनियमनाच्या प्रचारासाठी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत होते आणि त्यापायी खटले सोसत होते.

अशा घरातही सुनेने परदेशी शिकायला जाण्याचा प्रश्न सोपा नव्हता. महर्षींचा त्याला विरोध होता. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणारा समाजसुधारक आपल्या सुनेच्या उच्च शिक्षणाला विरोध करतो यात विसंगती दिसते, आणि ती आहेच. मात्र महर्षींच्या शिक्षणविचारात स्त्रीचे गृहिणीपद हे केंद्रस्थानी होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही विसंगती अनाकलनीय वाटत नाही. सुधारणेच्या विचाराने स्त्रीला कोठवर नेले आणि कोठे थांबवले याचे हे घरातले उदाहरण म्हणता येईल. स्वतः जर्मनीत शिकून आलेल्या दिनकररावांनी वडिलांचा विरोध बाजूला ठेवला, जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनमधील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, आनुवंशिकी व सुप्रजननशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. फिशर हे वंशश्रेष्ठतावादाचे एक प्रमुख प्रवक्ते. पुढे नाझी राजवटीने या संस्थेचा व तिच्या विद्येचा कसा उपयोग केला हा इतिहास सर्वज्ञात आहे. इरावतीबाईंना मिळालेला विषय मानवी कवटीच्या विषमतेचा होता. युरोपीय वंशाच्या बुद्धिसामर्थ्याचा संबंध कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील फरकाशी जोडता येईल, अशी गुरूंची धारणा होती. वसाहतींतून आणलेल्या कवट्यांसह अनेक कवट्यांची मोजमापे घेऊन विद्यार्थिनीने काढलेला निष्कर्ष असा, की या विषमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. वसाहतीतून आलेली, पंचविशीतील स्त्री आपल्या परीक्षकाच्या गृहीतकाविरुद्ध आकडे मांडते हा प्रसंग नाट्यमय करून सांगण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात त्या प्रबंधाची भाषा कोरडी व शास्त्रीय आहे. शरीरमोजणीचे शास्त्र त्यांनी त्यानंतर टाकून दिले असेही झाले नाही. डोक्याची, नाकाची मापे आणि पुढे रक्तगट यांचा वापर त्या अखेरपर्यंत करीत राहिल्या. वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी १९५१ मध्ये महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वंशाचे मिथक नाकारणारी विदुषी वंशमापनाचे हत्यार मात्र जवळ बाळगते, हा त्यांच्या विद्येतील एक न सुटलेला गुंता आहे.

परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्या सासऱ्यांनी स्थापन केलेल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. परदेशातील डॉक्टरेट घेतलेल्या मानवशास्त्रज्ञेला पाच वर्षे कार्यालयीन कामात घालवावी लागली. या कामात त्यांचे मन रमले नाही. स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ चालवणे आणि स्त्री हा अभ्यासविषय करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळच्या स्थितीवरून स्पष्ट होते. महिला विद्यापीठात विद्यार्थिनी होत्या, अध्यापिका होत्या. स्त्रीजीवनाचे संशोधन हे त्याचे कार्य आहे असे मात्र अजून कोणी मानले नव्हते. या विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचा संशोधन विभाग नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये सुरू झाला.

खरी संधी १९३९ साली आली. बंद पडलेले डेक्कन कॉलेज त्या वर्षी पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि इरावतीबाई तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या. पुढील तीन दशके हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. हा विभाग त्यांनी दीर्घकाळ जवळजवळ एकहाती चालवला. एका बाजूला ह. धी. सांकलिया यांच्यासह गुजरातेतील लांघणज येथे उत्खननात मिळालेल्या मानवी सांगाड्यांचा अभ्यास, दुसऱ्या बाजूला वेद-महाभारतातील कुटुंबरचनेचा शोध, तिसरीकडे खेड्यापाड्यांतील जातींची पाहणी. समाजशास्त्र, शारीर मानवशास्त्र, प्राच्यविद्या आणि भाषाशास्त्र यांच्या सीमा ही संस्था कडक पाळत नव्हती. इरावतीबाई तर मुळीच नाही. तुटपुंज्या पैशावर, मिळेल त्या वाहनाने त्यांनी देशाच्या दूरदूरच्या भागांत फिरती केली. त्यांच्या ललितलेखनातील प्रवासाचे प्रसंग या फिरतीतूनच आले आहेत. १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र शाखेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

त्यांच्या राहणीविषयीच्या आख्यायिका पुण्यात पुष्कळ आहेत. त्या स्कूटर चालवीत, कुंकू लावीत नसत, मंगळसूत्र घालीत नसत, नवऱ्याला एकेरी नावाने हाक मारीत. या गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यांचे भांडवल इरावतीबाईंनी कधी केले नाही. स्वतःच्या वागण्यातील मोकळेपणाचा त्यांनी सिद्धान्त केला नाही, की चळवळीतही त्या उतरल्या नाहीत. चरित्र लिहिणाऱ्याने स्कूटरपाशी थांबणे सोपे असते. त्यांचा वेगळेपणा त्याहून अधिक त्यांच्या टिपणवह्यांत होता.

'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा त्यांचा मुख्य ग्रंथ १९५३ मध्ये निघाला. भारतातील कोणतीही सांस्कृतिक घटना समजून घ्यायची तर भाषिक प्रदेश, जातिसंस्था आणि कुटुंबरचना ही तीन अंगे एकत्र पाहावी लागतात, ही त्यांची मूळ भूमिका. त्यानुसार त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार नातेविभाग पाडले आणि प्रत्येक विभागातील नातेवाचक शब्द, विवाहाचे नियम, सोयर-सुतकाचे आचार, म्हणी व गीते यांचा पुरावा मांडला. ग्रंथाचा विषय नातेव्यवस्था असला तरी तो वाचताना एक व्यक्ती पानोपानी भेटत राहते. ती म्हणजे लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली मुलगी. उत्तरेत गावातल्या गावात लग्न होत नाही, जवळच्या नात्यात तर नाहीच; मुलगी दूरच्या, अनोळखी घरात जाते. म्हणून तेथे लेक आणि सून ही स्त्रीजीवनाची दोन तुटक रूपे होतात. माहेरी उघड्या तोंडाने हिंडणारी मुलगी सासरी घुंगटाआड जाते. दक्षिणेत मुलगी नात्यातच दिली जाते. सासरची माणसे तिला जन्मापासून ठाऊक असतात आणि लेक व सून यांतील अंतर कमी होते. एकाच धर्माच्या, बहुधा एकच शास्त्र मानणाऱ्या समाजात स्त्रीचा अनुभव इतका भिन्न का, याचे उत्तर धर्मग्रंथांत न शोधता नात्याच्या रचनेत शोधणे हे या ग्रंथाचे मोठे योगदान होय. स्त्रीच्या दर्जाविषयीची त्या काळातील बहुतेक चर्चा मनुस्मृतीतील वचनांभोवती फिरत असे. सुधारक आणि सनातनी दोघेही तीच वचने आपापल्या बाजूने वापरीत. इरावतीबाईंनी वादाची जागाच बदलली.

महाराष्ट्र हा त्यांच्या नकाशात उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावरचा प्रदेश आहे, आणि मराठी वाचकाला ग्रंथातील हा भाग सर्वांत उद्बोधक वाटावा. मराठी भाषेत सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्या किंवा आत्याबाई म्हणण्याची रीत होती व अनेक घरांत आजही आहे. सासरा हा मामा आणि सासू ही आत्या कशी? तर मुलगा मामाच्या मुलीशी लग्न करतो तेव्हा त्या मुलीची सासू ही तिची सख्खी आत्याच असते. मुलगी आपल्या आत्याच्या वाटेने आत्याच्या घरी जाते. उलट दिशेचे लग्न, म्हणजे आत्याच्या मुलीला मामाच्या घरात सून म्हणून आणणे, अनेक मराठी जातींत निषिद्ध; वेल माघारी फिरू नये अशी त्यामागची कल्पना. चित्पावनांत तर मामेबहिणीशीही लग्न होत नाही, तरीही त्यांच्या घरांत मामंजी हा शब्द नांदत होता. आचार गेला तरी शब्द मागे राहतो, किंवा शेजारच्यांचा शब्द आचाराशिवायच उचलला जातो. दोहोंपैकी काय घडले हा वादाचा विषय होईल, पण भाषेतला हा अवशेष समाजाच्या इतिहासाचा पुरावा आहे हे मराठीच्या अभ्यासकाला अधिक जाणवायला हवे.

मराठवाड्यात या व्यवस्थेचा प्रत्यय आजही येतो. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातील बारवांसाठी नावाजलेल्या वालूरसारख्या गावापासून गोदाकाठच्या गंगाखेडपर्यंत, मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क ही कल्पना लोकांना समजावून सांगावी लागत नाही. या प्रदेशातील जात्यावरच्या ओव्यांत बहीण भावाकडे त्याची लेक सून म्हणून मागते, हा विषय वारंवार येतो. इरावतीबाईंची चौकट हाती असली की या मागणीचा अर्थ उलगडतो. भावाशी व्याहीपण जोडून ती स्त्री आपले माहेर सासरच्या उंबऱ्याच्या आत आणू पाहते. लग्नाचे व्यवहार पुरुष ठरवतात असे मानले गेले तरी या एका ठिकाणी स्त्री स्वतः नाते घडवते. अर्थात याला दुसरी बाजूही आहे. आत्याच सासू झाली म्हणजे जाचाची तक्रार माहेरी कोणाकडे करायची? बाप तिचाच भाऊ. नात्यातले लग्न मुलीला परकेपणापासून वाचवते आणि त्याच वेळी तिच्या परतीची वाटही अरुंद करते. ही दुसरी बाजू इरावतीबाईंच्या ग्रंथात पुरेशी ठळक नाही. दक्षिणेकडील रचनेतील सुरक्षितता त्यांना अधिक दिसली. तिची किंमत पुढच्या पिढीतील संशोधिकांनी मोजली. लीला दुबे (१९२३–२०१२) यांनी नातेव्यवस्थेचा प्रश्न साधनसंपत्ती, वारसा आणि शरीरावरील नियंत्रण यांच्याशी जोडला, तेव्हा त्या याच पायावर उभ्या होत्या आणि त्यातील उणीवही भरून काढीत होत्या.

ग्रंथावर समकालीनांनीही टीका केली. लुई द्यूमाँ आणि डेव्हिड पोकॉक यांनी १९५७ मध्ये त्याची सविस्तर चिकित्सा केली. ग्रंथात वर्णन अधिक आणि सैद्धान्तिक बांधणी कमी हा आक्षेप निराधार नाही. इरावतीबाईंनी १९६५ मध्ये सुधारित आवृत्ती काढली. तरी सिद्धान्तापेक्षा शब्दावर व माणसावर विसंबण्याची त्यांची प्रकृती बदलली नाही. ललित गद्यातही हीच प्रकृती दिसते. पंढरीच्या वारीवरील त्यांच्या लेखात भक्तीचा उमाळा आहे, पण दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे चालतात, वेगळे जेवतात, हे पाहून होणारा विषादही आहे. हा लेख १९६२ मध्ये इंग्रजीतून अमेरिकन नियतकालिकात आला आणि वारीच्या अभ्यासात तो आजही आधाराला घेतला जातो. एकाच निरीक्षणाचे ललित आणि शास्त्रीय असे दोन्ही उपयोग करणे त्यांना सहज साधत असे. 'भोवरा' आणि निधनोत्तर निघालेला 'गंगाजल' हे संग्रह या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहेत.

'युगान्त' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. मराठी वाचकांच्या मनात इरावतीबाईंचे स्थान या पुस्तकाने पक्के केले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन लिहिलेल्या या लेखांच्या मागे चाळीसच्या दशकात त्यांनी केलेला महाभारतातील नातेवाचक शब्दांचा अभ्यास आहे, ही गोष्ट वाचकांना बहुधा ठाऊक नसते. व्यक्तिचित्रे म्हणून गाजलेले हे लेख एका घराण्याच्या नातेव्यवस्थेचे विश्लेषणही आहेत. भीष्माच्या प्रतिज्ञेचा हिशेब त्या मांडतात तो त्या प्रतिज्ञेपायी ज्या स्त्रियांची आयुष्ये होरपळली त्यांच्या बाजूने. काशिराजाच्या मुली, गांधारी, कुंती, माद्री या सर्व कुरुकुलात आणल्या गेल्या त्या कुलाच्या गरजेसाठी; ज्याने त्यांना आणले तो स्वतः ब्रह्मचारी. परंपरेने ज्याला त्यागमूर्ती मानले त्याच्या त्यागाची किंमत दुसऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी दिली, हे मराठीत इतक्या स्वच्छपणे आधी क्वचितच मांडले गेले होते. गांधारीच्या डोळ्यांवरची पट्टी त्यांनी पातिव्रत्याची खूण म्हणून न पाहता फसवल्या गेलेल्या राजकन्येच्या कोपाची खूण म्हणून पाहिली.

असे असताना द्रौपदीच्या बाबतीत त्यांचा निर्णय वाचकाला चकित करतो. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न, स्वतःला आधी हरलेल्या धर्माला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार होता काय, हा नंतरच्या स्त्रीवादी वाचनांत तिच्या तेजाचा कळस ठरला आहे. इरावतीबाईंना मात्र तो प्रश्न ही तिची मोठी चूक वाटते. वडीलधाऱ्यांच्या सभेत नव्या सुनेने कायद्याचा काथ्याकूट करणे अनुचित होते, त्याने भीष्म निरुत्तर झाला, धर्म पेचात सापडला आणि तिची स्वतःची सुटका अधिक अवघड झाली, असे त्यांचे म्हणणे. आपल्या परीक्षकाचे गृहीतक खोडून काढणाऱ्या विदुषीने हे लिहावे! या निर्णयाची संगती कशी लावायची? त्यांनी द्रौपदीला आजच्या स्त्रीच्या जागी उभे केले नाही; तिच्या काळातील सुनेच्या स्थानावरून तिचे वर्तन मोजले, असे समर्थन करता येते. इतिहासाच्या पात्रांवर आपले आदर्श लादू नयेत ही त्यांची शिस्त त्यात दिसते. पण हे समर्थन पुरेसे पडत नाही. भीष्माच्या बाबतीत ज्या लेखिकेने त्याच्या काळाची मूल्ये ओलांडून न्याय केला, तिने द्रौपदीला त्या मूल्यांच्या आत ठेवले. नाते हा समाजाचा कणा मानणाऱ्या अभ्यासकाला नात्यात बसत नाही अशा आवाजाचे काय करावे हे उमगत नाही, अशी शंका येथे घ्यावीशी वाटते. सून म्हणून द्रौपदी चुकली असेल. प्रश्न विचारणारी व्यक्ती म्हणून ती चुकली की नाही, हे 'युगान्त' विचारीत नाही. पुस्तकाच्या अध्यापनात हा दुवा बहुधा निसटतो आणि विद्यार्थ्यांपर्यंत पोचते ते फक्त द्रौपदीच्या अंतकाळचे, भीमाचे प्रेम उमगल्याचे हृद्य चित्र.

हीच मर्यादा जातीविषयक लेखनात वेगळ्या रूपाने येते. 'हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन' या १९६१ च्या ग्रंथात त्यांनी जात हा विस्तारित नातेसमूह मानला. घुर्ये यांच्या मताहून भिन्न असे त्यांचे प्रतिपादन होते, की जाती एका मूळ समाजाच्या तुकड्यांतून निघाल्या नाहीत, तर मुळात वेगळे असलेले समूह शेजारी नांदू लागले. कै. मल्होत्रा यांच्यासह केलेल्या महाराष्ट्रातील ब्राह्मण जातींच्या जैविक तुलनेने त्यांनी या मताला आधारही दिला. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात जातीअंतर्गत विवाह टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी वापरल्या गेल्या हे दाखवून दिले होते. जात आणि स्त्रीवरील बंधने यांचा असा थेट कार्यकारणसंबंध इरावतीबाईंच्या मांडणीच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. त्यांच्या नकाशात जाती शेजारी शेजारी आहेत. वर आणि खाली हे अंतर फिके आहे. विधवांच्या आश्रमाच्या परिसरात वावरलेल्या, नात्यांचे एवढे ज्ञान असलेल्या विदुषीला हा धागा हाती घेता आला असता, असे वाटल्यावाचून राहत नाही. शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांच्यासारख्या अभ्यासिकांनी पुण्यातच, इरावतीबाईंच्या संस्थेपासून फार दूर नसलेल्या विद्यापीठात, आंबेडकरांचे हे विवेचन स्त्री-अभ्यासाच्या अभ्यासक्रमात मध्यभागी आणले तेव्हा बराच काळ लोटला होता.

साठच्या दशकात इरावतीबाईंनी उपयोजित संशोधनाकडेही लक्ष वळवले. य. भा. दामले यांच्यासह खेड्यांतील समूहसंबंधांचा अभ्यास १९६३ मध्ये आला. फलटण व परिसराची पाहणी त्यानंतर दोन वर्षांनी. आणि कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी कन्या जाई निंबकर यांच्यासह १९६९ मध्ये. दोन्ही मुली, जाई निंबकर आणि गौरी देशपांडे, पुढे लेखिका झाल्या. गौरी देशपांडे यांच्या कथा-कादंबऱ्यांतील नायिका नाते आणि स्वत्व यांचा जो झगडा मांडतात तो आईच्या ग्रंथांना दिलेले उत्तर म्हणून वाचता येतो. मराठीत हे वाचन अद्याप नीट झालेले नाही. १९६६ मध्ये एका प्रशासनविषयक नियतकालिकाच्या पुरवणीत इरावतीबाईंनी १९७५ सालातील भारतीय स्त्रीविषयी दीर्घ लेख लिहिला. दहा वर्षांनी भारतातील स्त्री कोठे असेल याचा अंदाज घेण्याचा तो प्रयत्न होता. ते वर्ष संयुक्त राष्ट्रसंघ आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळणार आहे, याची तेव्हा कोणाला कल्पना असणे शक्य नव्हते.

ते वर्ष पाहण्यास इरावतीबाई राहिल्या नाहीत. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी, १९७४ च्या अखेरीस, भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने आपला अहवाल सरकारला सादर केला. १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद मुंबईत भरली ती त्यांनी पाच वर्षे कुलसचिवपद सांभाळलेल्या महिला विद्यापीठातच. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ चे. मराठवाड्यात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठातील केंद्राला तर तर्कशुद्ध बंडखोर ताराबाई शिंदे यांचे नाव मिळाले. ताराबाई बुलढाण्याच्या. त्यांनी १८८२ मध्येच पुरुषांना जाब विचारला होता. इरावतीबाईंचे नाव अशा केंद्रांच्या पाटीवर सहसा दिसत नाही. त्यांचा ग्रंथ मात्र संदर्भसूचीत असतो, आणि सासूला आत्या का म्हणतात हे विद्यार्थ्यांना सांगताना त्याच्याकडे वळावेच लागते.